कैसराचे नाणे आणि धर्मभगिनींचा पगार

दिनांक ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयाची चर्चा आपल्या धर्मग्रामांत, मठांत आणि शाळांच्या शिक्षक-खोल्यांत अजूनही थांबलेली नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत शिकविणारे धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या पगारातून इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच आयकर कापून घेतला जावा, असा तो निर्णय आहे. मुख्यत्वे तमिळनाडू आणि केरळ येथील धर्मप्रांतांनी व धर्मसंघांनी केलेली ९३ अपिले त्या दिवशी फेटाळण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार साऱ्या देशाला लागू होतो. त्यामुळे महाराष्ट्रातील आपल्या धर्मसंघांनाही त्याची दखल घेणे भाग आहे.

या विषयावर वाचक आम्हांला दोन प्रकारे विचारतात. काहीजण कळवळून विचारतात की, ज्यांनी स्वतःसाठी एक पैसाही न ठेवण्याचे व्रत घेतले आहे, त्यांच्याकडून सरकारने कर तरी कसला घ्यावा? दुसरे काही त्याहून पुढे जातात. त्यांच्या मते कर ही एक सभ्य लूटच होय. घामाचा पैसा सरकारने न्यावा, तो कंत्राटदारांनी खावा आणि रस्त्यावरचे खड्डे मात्र तसेच राहावेत, अशी त्यांची तक्रार असते. आम्हांस असे वाटते की पहिल्या प्रश्नाच्या पोटात हा दुसरा प्रश्न दडलेला आहे. सरकारला कर घेण्याचा नैतिक अधिकार आहे की नाही, हे आधी ठरल्याशिवाय धर्मभगिनींच्या पगाराचा प्रश्न नीट सुटावयाचा नाही. म्हणून प्रथम तिकडे वळू.

प्रभू येशूला हाच प्रश्न विचारण्यात आला होता आणि तोही सरळ हेतूने नव्हे (मत्तय २२:१५-२२). परूशी आणि हेरोदी हे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष त्या दिवशी एकत्र आले होते. प्रश्न होता रोमन सम्राटाला द्यावयाच्या पट्टीचा. ही पट्टी साधी नव्हती. इ.स. ६ च्या सुमारास यहूदियात रोमची थेट सत्ता आली, क्विरीनियाने खानेसुमारी केली आणि डोईपट्टी बसली. त्या वेळी गालिलातील यहूदा नावाच्या पुढाऱ्याने बंड केले. ते चिरडले गेले, याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत आहे (५:३७). येशू त्या वेळी लहान बालक असला पाहिजे. म्हणजे ज्या प्रांतात तो वाढला, तेथे पट्टी या शब्दालाच रक्ताचा वास होता. भरा म्हणावे तर लोकांचा रोष, भरू नका म्हणावे तर राजद्रोह, असा तो सापळा होता.

येशूने नाणे मागितले. ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच कमरेला निघाले. त्यावर सम्राटाची मुद्रा होती आणि नावही. या प्रसंगावर आम्ही सेमिनरीत शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी मूळ ग्रीक शब्दांकडे आमचे लक्ष वेधले होते. ते आजही विसरता येत नाही. विचारणाऱ्यांनी ‘देणे’ या अर्थाचे साधे क्रियापद वापरले आहे. येशूने उत्तर देताना वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘परत करणे’, ‘फेडणे’ असा होतो. संत पौलानेही रोमकरांस लिहिताना (१३:७) कराच्या संदर्भात तेच क्रियापद वापरले आहे. जो मनुष्य राज्याचे नाणे वापरतो, राज्याच्या रस्त्यांवरून माल नेतो, राज्याच्या न्यायासनाकडे दाद मागतो, त्याच्या अंगावर त्या राज्याचे काही देणे आधीच चढलेले असते. कर म्हणजे त्या देण्याची फेड. नाण्यावर सम्राटाची मुद्रा आहे म्हणून नाणे त्याचे. मग ज्याच्यावर देवाची मुद्रा आहे तो मनुष्य कोणाचा, असा दुसरा प्रश्न त्या उत्तरातच आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील तर्तुल्यनाने नेमका टिपला. मनुष्य देवाचा असल्यामुळे कैसराला सर्व काही मागता येत नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे उत्तर कसे घेतले? दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी सम्राट अंतोनीनस पायस यास जे निवेदन लिहिले त्यात, नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांकडे कर भरण्यात आम्ही ख्रिस्ती सर्वांच्या पुढे असतो, असा दावा त्यांनी केला आहे. ज्या राज्याला ते हे सांगत होते, त्याच राज्याने पुढे त्यांचा शिरच्छेद केला. छळणाऱ्या सरकारचा कर भरणारे ते लोक आणि खड्ड्यांचे निमित्त सांगून घरपट्टी थकविणारे आपण, ही तुलना थोडी बोचणारी आहे. असो.

पुढील काळात मात्र एक घोळ झाला. सोळाव्या शतकापासून काही नीतिशास्त्रज्ञांनी असे मत मांडले की, राज्याचे काही कायदे केवळ दंडापुरते बंधनकारक असतात. कायदा मोडला आणि पकडले गेलो तर दंड भरावा. न पकडले गेल्यास सदसद्‌विवेकावर ओझे नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत हे मत बऱ्याच सावधगिरीने मांडलेले असे. पण लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातली सावधगिरी गळून गेली आणि ‘कर चुकविणे म्हणजे काही पाप नव्हे’ एवढेच उरले. आजही पापनिवेदनाच्या वेळी चोरी, खोटे बोलणे, मिस्सा चुकविणे हे सारे सांगितले जाते. बुडविलेल्या कराचा उल्लेख मात्र विरळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ३०) न्याय्य कर फसवणुकीने चुकविणाऱ्यांना नाव घेऊन दोष दिला. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर करचुकवेगिरीचा समावेश सातव्या आज्ञेच्या, म्हणजे चोरीच्या विवेचनात केला (परिच्छेद २४०९) आणि कर भरणे हे मतदान करणे व देशाचे रक्षण करणे यांच्या पंक्तीला बसविले (परिच्छेद २२४०).

चोरी कोणाची, असे कोणी विचारील. सरकार ही काही शेजारीण नव्हे, जिच्या परड्यातला नारळ आपण पळविला. याचे उत्तर समजण्यासाठी समुद्रकाठच्या एखाद्या गावाकडे पाहावे. भरतीचे पाणी घरांत शिरू नये म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा बांधावयाचा आहे. वर्गणी काढली तर काय होईल? पहिल्या रांगेतला कोळी देईल, कारण पाणी त्याच्या उंबऱ्याशी आहे. पण तो गरीब आहे. मागच्या आळीतला सुखवस्तू मनुष्य विचार करील की बंधारा झाला तर माझेही घर वाचणारच, मग मी कशाला देऊ? असे दहाजणांनी म्हटले की बंधारा राहिला. लग्नाची पंगत ऐच्छिक आहेरावर चालू शकते. बंधारा, न्यायालय, साथीच्या रोगाची लस, पोलीस ठाणे ही कामे तशी चालत नाहीत. कारण त्यांचा लाभ न देणाऱ्यालाही मिळतो आणि म्हणून न देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. सक्तीचा उगम येथे आहे. सर्वांवर सारखी सक्ती असली म्हणजे प्रामाणिक मनुष्य मूर्ख ठरत नाही.

कराच्या ऐवजी दानधर्म का चालू नये, असेही विचारले जाते आणि हा प्रश्न विशेषतः आपल्या लोकांकडून येतो, कारण देण्यात आपला समाज मागे नाही. क्षयरोगाच्या एका रुग्णाचे उदाहरण घेऊ. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. मधेच खंड पडला तर औषधांना न जुमानणारा क्षय होण्याची भीती असते. हा क्रम नाताळात भरभरून येणाऱ्या आणि पावसाळ्यात आटणाऱ्या देणग्यांवर सोपवता येईल काय? शिवाय दान घेणाऱ्याला देणाऱ्याच्या दारात थोडे वाकावे लागते. सरकारी दवाखान्यात तोच मनुष्य हक्काने रांगेत उभा राहतो. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात (परिच्छेद ८) एक बारीक गोष्ट सांगितलेली आहे. न्यायाने जे देणे लागते ते प्रेमाची देणगी म्हणून देऊ नये. आधी न्यायाचा हिशेब पुरा करावा. हे वाक्य आमच्या मते प्रत्येक धर्मग्रामाच्या हिशेबवहीत पहिल्या पानावर असावयास हवे, कारण पुढे आम्ही ज्याकडे येणार आहोत, त्याची ती किल्ली आहे.

तत्पूर्वी दुसरी बाजू. प्रत्येक कर न्याय्य असतो, असे ख्रिस्तसभेने कधीही म्हटलेले नाही. शमुवेल संदेष्ट्याने राजा मागणाऱ्या इस्राएलला आधीच बजावले होते की हा राजा तुमच्या धान्याचा, मळ्यांचा आणि मेंढरांचा दशांश घेईल आणि तुम्ही आक्रोश कराल (१ शमुवेल ८). शलमोनानंतर त्याचा पुत्र रहबाम गादीवर आला तेव्हा लोकांनी ओझे हलके करण्याची विनवणी केली. वडीलधाऱ्या मंत्र्यांनीही तोच सल्ला दिला. रहबामाने बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि ओझे आणखी वाढविण्याची धमकी दिली. परिणामी दहा वंश फुटून निघाले आणि वेठबिगारीवरचा अधिकारी लोकांच्या दगडांखाली मेला (१ राजे १२). संत ऑगस्टीन यांनी न्याय काढून घेतलेल्या राज्याची तुलना दरोडेखोरांच्या मोठ्या टोळीशी केली. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची रेषा आखून दिली: राजाने सर्वांच्या हितासाठी न्यायाने देय असलेले वसूल केले, तर त्यात बळ वापरले तरी तो दरोडा नव्हे, अन्यायाने वसूल केले तर तो दरोडाच आणि त्याची भरपाई करण्यास राजा बांधलेला आहे. कायदा न्याय्य केव्हा, याचे त्यांचे निकष करालाही लागतात. तो अधिकार असलेल्यानेच बसविलेला असावा, सर्वांच्या हितासाठी असावा आणि त्याचे ओझे प्रत्येकाच्या खांद्याच्या मानाने वाटलेले असावे.

या निकषांवर न उतरणारे कर आपल्याच भूमीत होऊन गेले आहेत. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत अठराव्या शतकात हिंदू प्रजेकडून शेंडी कर वसूल केला जाई. ते राज्यकर्ते स्वतःस कॅथॉलिक म्हणवीत, हे आपण विसरता कामा नये. इंग्रजांचा मिठावरचा कर गरिबाच्या पेजेपर्यंत पोहोचत असे. त्याविरुद्ध १९३० साली दांडीला आणि आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. पण आम्हांला त्याहून शिकण्याजोगे उदाहरण वाटते ते १९२८ च्या बारडोलीचे. सरकारने तेथील शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला. सरदार पटेलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे थांबविले, गुरेढोरे आणि जमिनी जप्त होऊ दिल्या. त्यांची मागणी कोणती होती? सारा मुळीच नको, ही नव्हे. निःपक्ष चौकशी करा आणि जे योग्य ठरेल ते आम्ही भरू, ही. चौकशी झाली तेव्हा योग्य वाढ सुमारे ६ टक्केच असल्याचे दिसून आले. अन्याय्य कराशी उघडपणे, किंमत मोजून झुंजणे निराळे आणि रात्री दोन हिशेबवह्या लिहिणे निराळे. पहिल्याला सत्याग्रह म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात हे वाचकांना ठाऊक आहे.

आपल्या संविधानाने या बाबतीत दोन कुंपणे घातलेली आहेत. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. अनुच्छेद २७ नुसार ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. शेंडी कराचा इतिहास आठवला म्हणजे या दुसऱ्या कुंपणाची किंमत कळते. अल्पसंख्य समाजाने तर ती विशेष जाणावी.

आता धर्मभगिनींच्या पगाराकडे. त्यांची बाजू पोकळ नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेची विधिसंहिता, हिच्या ६६८ व्या कलमानुसार व्रतस्थ व्यक्ती स्वतःच्या श्रमाने जे मिळविते ते तिच्या धर्मसंघाचे होते. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या भगिनीच्या हाती पगारातले काहीही उरत नाही. ते संघाच्या सामाईक तिजोरीत जाते आणि त्यातून वृद्ध भगिनींची औषधे, उमेदवार मुलींचे शिक्षण, आदिवासी मुलींची वसतिगृहे असा खर्च चालतो. १९४४ साली तत्कालीन केंद्रीय महसूल मंडळाने काढलेल्या परिपत्रकात मिशनऱ्यांनी आपल्या संघाला द्यावयाच्या उत्पन्नावर कर नसल्याचे म्हटले होते आणि १९७७ सालच्या सूचनेनेही त्याला दुजोरा दिला होता. त्या आधारावर कित्येक दशके कपात होत नव्हती. २०१४ पासून आयकर खात्याने ती सुरू करण्यास सांगितले तेव्हा वाद पेटला.

मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा गाभा सोपा आहे. पगार शिक्षिकेला मिळतो, कारण नेमणूक तिची, पात्रता तिची आणि वर्गावर शिकविणारीही तीच. तो मिळाल्यावर ती त्याचे काय करते, हा उत्पन्नाच्या विनियोगाचा भाग झाला. उत्पन्न हाती येण्यापूर्वीच दुसरीकडे वळले, असे येथे घडत नाही. जुनी परिपत्रके पगाराला लागू नाहीत आणि कॅनन लॉ व्रतस्थांच्या परस्परसंबंधांना लागू असला तरी देशाच्या आयकर कायद्याला तो बाजूस सारू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने आपल्या निकालात कैसराच्या नाण्याच्याच वचनाचा आधार घेतला. आपलेच शुभवर्तमान न्यायाधीशांनी आपल्यापुढे ठेवावे, ही गोष्ट आम्हांला वाचताना थोडी लाजवून गेली.

आम्हांला हा निर्णय कायद्याच्याच नव्हे, तर नीतीच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. याचे कारण अगदी घरगुती आहे. त्याच शाळेत, त्याच शिक्षक-खोलीत एखादे प्रापंचिक सर बसलेले असतात. त्यांची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, दोन बहिणींची लग्ने अंगावर. पगाराचा रुपयाही त्यांच्या चैनीला उरत नाही. तरी त्यांचा कर कापला जातो आणि ते तक्रार करीत नाहीत. त्यांचे दारिद्र्य त्यांनी निवडलेले नाही. भगिनीने आपले आनंदाने निवडले आहे. निवडलेल्या दारिद्र्याला सूट आणि न निवडलेल्याला नाही, हे त्या सरांना कोणत्या तोंडाने समजावून सांगावे? अनुदानित शाळेतला पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि ती तिजोरी कोणी भरली, हेही पाहिले पाहिजे. मासळीची पाटी घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईने अंगाच्या साबणावर, चपलेवर, मुलाच्या सायकलीवर दिलेला कर त्यात आहे. तिला कोणी विचारले नाही की तुझे उत्पन्न किती आणि तुझे व्रत कोणते.

धर्मसंघांना याची झळ लागणार, यात संशय नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत पगारदारांना पावणेतेरा लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर न लागण्याची सोय केली, त्यामुळे बऱ्याच शिक्षिका-भगिनींना प्रत्यक्षात काही द्यावे लागणार नाही. मुख्याध्यापिका व महाविद्यालयीन प्राध्यापिका मात्र त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतात. सेवेतल्या भगिनी कमी होत आहेत आणि वृद्ध भगिनींची संख्या वाढत आहे, अशा काळात मठप्रमुखांपुढचा हिशेब कठीण आहे. येथे धर्मग्रामांनी आपला हात पुढे केला पाहिजे. ज्या भगिनींनी आपल्या तीन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली, त्यांच्या म्हातारपणाची सोय सरकारने करसवलतीतून करावी आणि आपण नुसती हळहळ व्यक्त करावी, हे काही बरे दिसत नाही.

हळहळ व्यक्त करणाऱ्यांशी थोडे स्पष्ट बोलणेही भाग आहे. भगिनींच्या करकपातीवर ज्या घरांत संताप व्यक्त होतो, त्यातल्या कित्येक घरांत वाडीचा तुकडा विकताना किंवा सदनिका घेताना किंमत दोन भागांत ठरलेली असते, एक कागदावरची आणि दुसरी पिशवीतली. मुद्रांक शुल्क वाचते, आयकर वाचतो. लग्नाच्या सोन्याची, हॉलची, जेवणावळीची पावती मागितली जात नाही, कारण पक्क्या पावतीवर कर लागतो. मग त्याच पिशवीतून चर्चच्या सणाला, नव्या घंटेला, मिरवणुकीच्या रोषणाईला भरघोस देणगी येते आणि देणाऱ्याचे नाव फलकावर लागते. न्यायाचे देणे प्रेमाची देणगी म्हणून देऊ नये, असे व्हॅटिकन परिषदेने जे म्हटले ते याच ठिकाणी लागू पडते. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले, पण तेवढ्यावर प्रकरण मिटले असे शुभवर्तमान सांगत नाही. ज्याचे बुडविले त्याला चौपट परत करण्याची भाषा त्याने केली (लूक १९:१-१०). देणगी स्वीकारणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनाही याबाबत डोळे मिटून चालणार नाही.

गंमत अशी की ख्रिस्तसभा स्वतःही कर बसविते. विधिसंहितेच्या १२६३ व्या कलमानुसार बिशपांना धर्मप्रांताच्या गरजांसाठी आपल्या अधिकाराखालील सार्वजनिक धर्मसंस्थांवर, म्हणजे धर्मग्रामांवरही, उत्पन्नाच्या प्रमाणात माफक कर बसविता येतो. मात्र त्याआधी अर्थसमितीचा आणि धर्मगुरूंच्या मंडळाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. तो भरताना कुरकुरणारे धर्मगुरू आम्ही पाहिलेले आहेत. त्यांची कारणेही थेट घरपट्टीच्या रांगेतल्यासारखीच असतात: आमच्याकडून जास्त घेतात, वर काय करतात कोणास ठाऊक. प्रमाणशीरपणा, सल्लामसलत आणि हिशेब या ज्या तीन गोष्टी तो धर्मगुरू बिशपांच्या कचेरीकडून अपेक्षितो, त्याच नागरिकाने सरकारकडून अपेक्षिल्या तर त्यात वावगे काय?

प्रमाणशीरपणाच्या बाबतीत आपल्या देशात अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. पोप तेवीसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रात कराचे ओझे देणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे असावे, हे न्याय्य करपद्धतीचे मूलतत्त्व म्हणून सांगितले. आयकर या तत्त्वावर चालतो. वस्तूंवरचा कर चालत नाही. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात येणाऱ्या प्रत्येक रुपयातील २२ पैसे आयकरातून आणि १८ पैसे वस्तू व सेवा करातून दाखविले होते. उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४ पैसे त्याखेरीज. महिना पंधरा हजारांत भागविणारे कुटुंब मिळविलेले जवळजवळ सारेच खर्च करते, म्हणून त्याच्या मिळकतीच्या मोठ्या भागाला वस्तूंवरचा कर गाठतो. महिना पाच लाख मिळविणाऱ्याचा खर्च मिळकतीच्या मानाने थोडा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणासारख्या कित्येक नित्याच्या वस्तूंवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण पेट्रोल-डिझेल या कराच्या बाहेरच आहे आणि त्यावरचा बोजा भाजीच्या टेम्पोतून शेवटी गरिबाच्या ताटातच उतरतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३१ जानेवारी २०२२ रोजी इटलीच्या करखात्यातील कर्मचाऱ्यांना भेट दिली तेव्हा त्यांना जकातदार मत्तयाची आठवण करून दिली आणि करव्यवस्थेने संपत्तीचे न्याय्य वाटप साधून दुर्बलांची प्रतिष्ठा राखावी, असे सांगितले.

हिशेब मागण्याची साधनेही आपल्या हाती आहेत. ती आपण क्वचितच उचलतो. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे व संसदेपुढे येतात. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या गावच्या रस्त्याचे अंदाजपत्रक आणि कंत्राटदाराचे देयक पाहता येते. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा आपले किती लोक हजर असतात, हे प्रत्येक धर्मग्रामातील न्याय व शांती गटाने एकदा मोजून पाहावे. आम्हांला तरी वाटते की जो पूर्ण कर भरतो त्याचाच आवाज तेथे ताठ निघतो. ज्याच्या पिशवीत कागदाबाहेरचा पैसा आहे, तो खड्ड्याविषयी फार मोठ्याने बोलू शकत नाही.

आपल्या धर्मप्रांतातील मठांसाठी व्यवहारातली एक-दोन कामे सांगणे उरते. पगार शालार्थ प्रणालीतून ज्या भगिनीच्या खात्यात जमा होतो, तिच्या नावे स्वतंत्र पॅन असणे, शाळेकडून दरवर्षी कपातीचा दाखला घेणे आणि मुदतीत विवरणपत्र भरणे आवश्यक आहे. ज्यांचा कर शून्य ठरतो पण कपात झालेली आहे, त्यांना परतावा विवरणपत्र भरल्यावरच मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ चा नवा कायदा संमत केलेला असल्यामुळे कलमांचे जुने क्रमांक बदलले आहेत. पत्रव्यवहार करताना सनदी लेखापालांकडून ते तपासून घ्यावेत. संघाच्या धर्मादाय उत्पन्नाला मिळणारी सूट ही वेगळी बाब असून या निर्णयाने ती काढून घेतलेली नाही. पगाराचे आणि संघाचे हिशेब मात्र यापुढे वेगवेगळ्या वह्यांत ठेवावेत.